वेलकम बोनसची खर्चाची अट: हिशेब, मुदत आणि पाय घसरण्याच्या जागा

नवं क्रेडिट कार्ड घेताना बँक जो मोठा वेलकम बोनस देऊ करते, त्याच्यासोबत एक अट येते: अमुक मुदतीत अमुक रकमेची खरेदी या कार्डावर झाली पाहिजे. सहसा मुदत तीन महिन्यांची असते, काही कार्डांवर सहा महिन्यांची, आणि रक्कम बहुतेक घरांच्या महिन्याच्या कार्ड-खर्चापेक्षा बरीच जास्त असते. ती मुद्दामच तशी ठेवलेली असते. नवं कार्ड पाकिटात सगळ्यात पुढे यावं, जुनी कार्डं मागे पडावीत आणि जमलं तर खर्चही थोडा वाढावा, हे बँकेचं गणित आहे.

तुमच्या बाजूने कसोटी एकच. कार्डावर जाणारा प्रत्येक खर्च, हे कार्ड नसतं तरी झाला असता का? झाला असता, तर बोनस हा खरा फायदा. नसता झाला, तर बोनसची किंमत तुम्हीच भरत आहात. पुढचं सगळं याच कसोटीवर टिकून अट कशी पूर्ण करायची याबद्दल आहे. उदाहरणांतले आकडे कुठल्याही एका देशाच्या चलनात धरलेले नाहीत. तिथे आपापले आकडे घाला.

अर्ज करण्याआधीचा हिशेब

बहुतेकांची चूक इथेच होते, आणि ती लक्षात येते अडीच महिन्यांनी. जाहिरातीतला बोनस बघून अर्ज केला जातो आणि मग खर्च शोधायला सुरुवात होते. क्रम उलटा हवा.

आधी बोनसची निव्वळ किंमत काढा. बोनस सहसा पॉइंटांत मिळतो, आणि त्या पॉइंटांची जी किंमत जाहिरातीत दिसते ती सोडून द्या. तुम्ही ते पॉइंट ज्या कामासाठी खरोखर वापराल, त्या दराने किंमत धरा. बिलात वजावट घेणार असाल तर तो दर धरा. विमानाची तिकिटं घेणार असाल तर त्या तिकिटाला तुम्ही रोखीत जास्तीत जास्त जे दिले असते, तेवढंच धरा. त्यातून पहिल्या वर्षाची वार्षिक फी वजा करा. समजा बोनस २०,००० चा आणि फी ५,००० ची, तर हातात १५,०००. पुढचा प्रत्येक निर्णय या १५,००० शी ताडून बघायचा.

मग स्वतःची खर्चाची क्षमता. बँक खात्याची मागच्या तीन-चार महिन्यांची स्टेटमेंट उघडा आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक रकमेपुढे लिहा: कार्डावर जाऊ शकते, जाऊ शकते पण फी लागेल, किंवा जाऊच शकत नाही. कर्जाचे हप्ते सहसा तिसऱ्या गटात पडतात, घरभाडं दुसऱ्या किंवा तिसऱ्या. समजा महिन्याला ६०,००० जातात. त्यातले २०,००० भाडं, १२,००० कर्जाचा हप्ता आणि ४,००० रोखीचे. उरले २४,०००. तीन महिन्यांचे ७२,००० झाले असं वाटतं, पण हाही आकडा फुगलेला आहे. कार्ड हातात यायला आठवडाभर जातो आणि शेवटचा आठवडा व्यवहार खात्यात चढण्यासाठी राखून ठेवावा लागतो. हाती ७५ दिवस धरा, म्हणजे ६०,०००.

अट १,००,००० ची असेल तर ४०,००० कमी पडतात. वर्षाचा विमा हप्ता ३०,००० चा याच काळात येत असेल तरी ९०,००० च होतात. दातांचं किंवा गाडीचं ठरलेलं १५,००० चं काम त्यात बसत असेल, तर १,०५,००० होतात आणि आता अर्ज करायला हरकत नाही. बसत नसेल तर थांबा. बोनसच्या ऑफर बदलत राहतात, पण तुमचा मोठा खर्च कधी येणार हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं. म्हणून अर्जाची तारीख त्या खर्चावरून ठरवावी. मोठा खर्च येण्याच्या तीन ते चार आठवडे आधी अर्ज केला की मंजुरी, कार्ड पोचणं आणि लिमिट कळणं हे सगळं वेळेत होतं.

अटीच्या वर पाच ते दहा टक्के जास्तीचा खर्च हिशेबात ठेवाच. का ते परताव्यांच्या भागात येईल.

अर्जाच्या आधी आणखी एक गोष्ट तपासा: तुम्ही बोनसला पात्र आहात का? अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेसच्या बऱ्याच ऑफरमध्ये, ते कार्ड पूर्वी घेतलेलं असेल तर वेलकम बोनस मिळणार नाही, अशी अट असते. चेसच्या कार्डांबाबत ‘५/२४’ म्हणून ओळखला जाणारा निकष प्रसिद्ध आहे: मागच्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच किंवा जास्त नवी कार्डं घेतली असतील तर अर्ज सहसा नाकारला जातो. इतर देशांतल्या बँकांचेही असे नियम असतात आणि ते अटींच्या बारीक अक्षरांत सापडतात. कार्ड मंजूर होणं आणि बोनस मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रता नसतानाही कार्ड मिळू शकतं, आणि मग सगळा खर्च करूनही काहीच जमा होत नाही.

अर्ज करताना ऑफरच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, बारीक अक्षरांसकट. पुढे वाद झालाच तर हाच पुरावा.

घड्याळ कधी सुरू होतं

कार्ड हातात आल्यावर किंवा ॲक्टिव्हेट केल्यावर मुदत सुरू होते, ही समजूत फार पसरलेली आहे. बहुतेक ठिकाणी ती मंजुरीच्या, म्हणजे खातं उघडल्याच्या दिवसापासून मोजतात. टपालात गेलेले दिवस तुमचे वाया.

‘तीन महिने’, ‘९० दिवस’ आणि ‘तीन बिलिंग सायकल’ (एका स्टेटमेंटपासून पुढच्या स्टेटमेंटपर्यंतचा काळ म्हणजे एक सायकल) हेही एक नव्हे. १ डिसेंबरला खातं उघडलं तर ९० दिवस मार्च उजाडता उजाडता संपतात, तर १ जुलैपासूनचे तीन महिने ९२ दिवसांचे होतात. बिलिंग सायकलवर मोजणाऱ्या बँकेत पहिली सायकल अपुरी असू शकते आणि मुदत चक्क दोन-अडीच महिन्यांवर येते. म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेच्या ॲपमधून किंवा सुरक्षित मेसेजमधून दोन प्रश्न लेखी विचारा: बोनससाठी खर्च मोजण्याची शेवटची तारीख कोणती? आणि त्या तारखेला व्यवहार झालेला पुरतो, की तो खात्यात पूर्ण चढलेला असावा लागतो?

दुसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात. कार्ड स्वाइप झालं की व्यवहार आधी ‘पेंडिंग’ दिसतो. तो पक्का चढायला एक ते तीन दिवस लागतात, सुट्ट्या आल्या तर जास्त. ऑनलाइन दुकानं बरेचदा माल पाठवल्यावरच पैसे घेतात. हॉटेल बुकिंगच्या वेळी फक्त रक्कम अडवून ठेवतं आणि खरा व्यवहार चेक-आउटला करतं. पेट्रोल पंपावरही आधी अडवलेली रक्कम आणि शेवटी चढलेली रक्कम वेगळी असू शकते. ॲपमध्ये पेंडिंग धरून बेरीज पुरी दिसते, आणि मुदत संपल्यावर कळतं की त्यातला एक मोठा व्यवहार चौथ्या दिवशी चढला.

बँकेच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधीची तारीख स्वतःची मुदत म्हणून लिहून ठेवा आणि बँकेची तारीख विसरून जा.

कुठला खर्च धरतात, कुठला नाही

साध्या शब्दांत, वस्तू किंवा सेवा विकत घेतली तर तो खर्च धरतात. पुढच्या गोष्टी जवळपास कुठेच धरत नाहीत: वार्षिक फी, व्याज, लेट फी, एटीएममधून काढलेली रोकड, दुसऱ्या कार्डावरून आणलेली बाकी आणि बँकेने दिलेल्या चेकने उचललेली रक्कम. वार्षिक फी पहिल्याच स्टेटमेंटमध्ये येते आणि एकूण आकड्यात मिसळते, त्यामुळे स्टेटमेंटचं टोटल बघून बेरीज करणाऱ्याची बेरीज नेमकी तेवढ्याने चुकते.

खरी गुंतागुंत ‘रोकडीसारख्या’ व्यवहारांची. बँकेला तुम्ही काय घेतलं ते दिसत नाही. तिला दुकानाचा चार आकडी मर्चंट कोड दिसतो. ६०११ म्हणजे एटीएममधली रोकड, ६०१० म्हणजे बँकेच्या काउंटरवरची रोकड, ४८२९ पैसे पाठवण्याच्या सेवा, ६०५१ परकीय चलन, मनी ऑर्डर, क्रिप्टो असे रोकडीच्या जवळचे व्यवहार, ६५४० प्रीपेड कार्डात किंवा वॉलेटमध्ये पैसे भरणं, ७९९५ जुगार आणि सट्टा. यातल्या कुठल्याही कोडवर गेलेला व्यवहार बोनससाठी बाद होण्याची शक्यता मोठी. काही बँका त्याहून पुढे जाऊन तो कॅश ॲडव्हान्स, म्हणजे कार्डावर उचललेली रोकड, म्हणून नोंदवतात. मग तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

यावर एक चांगला उपाय आहे. कार्ड मिळताच बँकेला सांगून कॅश ॲडव्हान्सची मर्यादा शून्यावर किंवा बँक देईल त्या किमान आकड्यावर आणून ठेवा. मग रोकडीसारखा व्यवहार फी लावून पार पडण्याऐवजी सरळ नाकारला जातो आणि तुम्हाला वेळेत कळतं.

घरभाडं (बरेचदा कोड ६५१३), कर (९३११), शाळेची फी (८२११) आणि वीज-पाण्याची बिलं (४९००) यांच्याबाबत बँकाबँकांत फरक आहे. कुणी ती पूर्ण धरतं, कुणी वगळतं, कुणी धरतं पण वर स्वतःची फी लावतं. शिवाय मध्यस्थ ॲपमधून भरलं तर कोड त्या ॲपचा लागू शकतो. शंका असेल तर छोटी रक्कम आधी भरा, व्यवहार पक्का चढेपर्यंत थांबा, तो खरेदी म्हणून दिसतो की रोकड म्हणून ते पाहा आणि मगच मोठी रक्कम टाका. पेंडिंग असताना दिसणाऱ्या वर्गवारीवर विसंबू नका, ती पुढे बदलते.

घरच्या माणसाला दिलेल्या ॲड-ऑन कार्डाचा खर्च सहसा मुख्य खात्यातच मोजला जातो. अट पूर्ण करायला हा फार उपयोगी मार्ग आहे, फक्त त्या कार्डावरच्या प्रत्येक पैशाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. हप्त्यांवर वळवलेली खरेदी धरतात की नाही हे मात्र अटींत वाचूनच ठरवा.

खर्च वळवायचा कसा

पहिल्या दिवशी तासभर बसून सगळ्या ॲपमधलं, दुकानांच्या साइटवरचं आणि वर्गण्यांमधलं जुनं कार्ड काढून नवं घाला. अटीचा मोठा भाग इथेच निघतो आणि पुढे रोज आठवण ठेवावी लागत नाही. जुनं कार्ड या तीन महिन्यांपुरतं घरी ठेवा.

मग पुढे सरकवता येणारे खर्च बघा. महिन्याला भरत असलेला विमा वर्षाचा एकदम भरता येतो का, पुढच्या चार महिन्यांत होणारच असलेली दुरुस्ती आत्ता करता येते का, कामावरचा जो खर्च कंपनी परत देते तो स्वतःच्या कार्डावर टाकायची मुभा आहे का. मित्रमंडळींच्या सहलीचं किंवा समारंभाचं बिल एकट्याने भरून वाटणी गोळा करणं हाही खरा खर्च आहे. पण पैसे ड्यू डेटच्या, म्हणजे बिल भरायच्या शेवटच्या तारखेच्या, आत गोळा व्हायला हवेत, नाहीतर त्यांच्या वाट्याचं व्याज तुमच्या खिशातून जातं. मित्राला महागडी वस्तू घेऊन देऊन त्याच्याकडून पैसे घेण्यातही हाच धोका आहे. वर कार्डावरच्या खरेदीचं संरक्षण आणि तक्रारीचा हक्क तुमच्या नावावर राहतो, त्याच्या नाही.

बिलं आगाऊ भरून ठेवता येतात. वीज किंवा फोनच्या खात्यात दोन-तीन महिन्यांची रक्कम जमा करून ठेवली की ती पुढे आपोआप वळती होते. दोन-तीन महिन्यांच्या पलीकडे जाऊ नका. घर बदललं किंवा कंपनीने जादा रक्कम परत केली, तर तो परतावा कार्डावर येतो आणि खर्चातून वजा होतो.

नेहमीच्या दुकानाची गिफ्ट कार्डं घेणं हा लोकप्रिय मार्ग आहे आणि त्याबद्दल सावध राहावं असं आमचं स्पष्ट मत आहे. अनेक ऑफरच्या अटींत गिफ्ट आणि प्रीपेड कार्डं वगळलेली असतात. त्यात उघडलेल्या, छेडछाड झालेल्या कार्डांची फसवणूक मोठी आहे: नंबर आधीच टिपून ठेवलेला असतो आणि रक्कम भरताच दुसरा कुणी ती वापरतो. दुकान बंद पडलं तर पैसेही अडकतात. घ्यायचीच तर थोडी, दोन-तीन महिन्यांत संपतील एवढीच, आणि कार्डातली रक्कम संपेपर्यंत पावती जपून ठेवा.

फी देऊन भरायचं असेल तेव्हा गणित सोपं आहे. ४०,००० कमी पडत आहेत आणि कर किंवा भाडं कार्डावर भरायला दोन टक्के फी लागते, म्हणजे ८००. हातातल्या १५,००० समोर ही फी परवडते. पण अट पूर्ण झाली की तोच व्यवहार तोट्याचा होतो, कारण एक टक्का परतावा देणाऱ्या कार्डावर दोन टक्के फी भरणं म्हणजे दर वेळी एक टक्का नुकसान. म्हणून अट संपली की असे व्यवहार त्याच दिवशी थांबवा. भरणा करणाऱ्या सेवेने बिलातच मिळवलेली फी सहसा खरेदीत धरली जाते. बँकेने वेगळी लावलेली फी धरत नाहीत.

लिमिट अटीपेक्षा कमी निघालं तर

हे बरेचदा होतं. अट १,००,००० ची आणि लिमिट ४०,०००. तरी अट पूर्ण होते, फक्त सायकलच्या मधेच बिल भरून लिमिट मोकळं करावं लागतं. भरलेले पैसे पोचून लिमिट मोकळं व्हायला काही दिवस लागतात, नव्या खात्यावर बँक थोडं जास्त थांबवू शकते, त्यामुळे मोठ्या खरेदीच्या आदल्या दिवशी भरून चालत नाही. आठवडाभर आधी भरा.

एका महिन्यात लिमिटच्या कितीतरी पट खर्च आणि तितक्याच वेळा भरणा, असं होऊ देऊ नका. पैसा फिरवण्याच्या संशयावरून बँकेची यंत्रणा अशी खाती बाजूला काढते. एखाद-दोनदा मधे भरणं साधं आहे. लिमिटपेक्षा मोठी रक्कम आधीच जमा करून ठेवणंही टाळा, बँका ती परत पाठवतात किंवा चौकशी करतात.

कमी लिमिटचा क्रेडिट स्कोअरवरही परिणाम होतो. अमेरिकेतल्या फायको स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याच्या इतिहासाला ३५ टक्के आणि देणं असलेल्या रकमांना ३० टक्के वजन आहे, आणि लिमिटचा किती भाग वापरला हे त्या ३० मध्ये महत्त्वाचं. बँक बहुधा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी कळवते. म्हणून स्टेटमेंट निघायच्या तीन-चार दिवस आधी बरीचशी बाकी भरून टाकली तर वापर कमी दिसतो. पुढच्या सहा महिन्यांत घराचं किंवा इतर मोठं कर्ज घ्यायचं असेल, तर ही सगळी उठाठेव आत्ता नकोच. अर्जाची चौकशी, नवं खातं आणि चढलेला वापर, तिन्ही गोष्टी चुकीच्या वेळी नोंदल्या जातील. व्याजदरात पडलेला थोडासा फरक वीस वर्षांच्या कर्जात कुठल्याही बोनसपेक्षा महाग पडतो.

नोंद

बँकेच्या ॲपमध्ये बोनसची प्रगती दिसत असेल तर ती वापरा, पण स्वतःची नोंदही ठेवा. एका शीटमध्ये सात रकाने पुरतात: व्यवहाराची तारीख, दुकान, रक्कम, खात्यात चढल्याची तारीख, धरला जातो की नाही, परतावा, आणि आतापर्यंतची बेरीज. बेरजेत फक्त चढलेले आणि नक्की धरले जाणारे व्यवहार घ्या. शंका असलेले वेगळ्या रंगात. दर रविवारी दहा मिनिटं पुरतात. मुदतीच्या निम्म्यावर बेरीज अटीच्या निम्म्याहून कमी असेल, तर उपाय तेव्हाच शोधा.

एका वेळी एकच कार्ड. दोन कार्डांच्या अटी एकत्र चालवल्या की दोन्ही अर्धवट राहण्याची भीती असते.

व्याज: सगळ्यात महाग चूक

वर्षाला ३६ टक्के, म्हणजे महिन्याला ३ टक्के व्याज धरा. १,००,००० ची बाकी तशीच राहिली तर व्याजावर व्याज धरून पाचव्या महिन्यात व्याज १५,००० च्या वर जातं. पूर्ण बोनस गेला आणि मुद्दल अजून तसंच. दर २४ टक्के असला तरी आठव्या महिन्यात तीच गत. लेट फी यात धरलेलीच नाही.

म्हणून ऑटो-पे लावा आणि तो ‘पूर्ण बाकी’वर आहे ना ते तपासा. अनेक ॲपमध्ये तो ‘मिनिमम ड्यू’वर, म्हणजे बिलातल्या किमान भरायच्या रकमेवर, लावलेला येतो. नव्या कार्डावर ऑटो-पे पहिल्या बिलाला लागू होईलच असं नाही, तेव्हा पहिलं बिल हातानेच भरा आणि पैसे पोचल्याची खात्री करा.

बिनव्याजी दिवस मिळतात ते आधीचं स्टेटमेंट पूर्ण भरलं असेल तरच. एका महिन्यात थोडी बाकी ठेवली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. याच कारणाने बोनसच्या कार्डावर दुसऱ्या कार्डाची बाकी आणू नका. त्या बाकीवर सवलतीचा दर असला तरी नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवस जाऊ शकतात आणि लिमिटही खाल्लं जातं. सध्या कुठल्याही कार्डावर बाकी चालू असेल, तर आधी ती फेडा. तोपर्यंत बोनसच्या वाटेला जाऊ नये.

खर्च वाढण्याची भीती नुसती कल्पना नाही. एमआयटीतले ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कार्डाने पैसे देणार असलेल्यांनी त्याच वस्तूला रोखीवाल्यांपेक्षा जास्त, काही वेळा दुपटीपर्यंत, बोली लावली. त्यात ‘अट पूर्ण करायची आहे’ हे कारण जोडलं गेलं की हात आणखी सैल होतो. याला धरून एक नियम पाळता येतो: या तीन महिन्यांत, आधी केलेल्या यादीत नसलेली कुठलीही मोठी वस्तू घ्यायची नाही.

कृत्रिम खर्च

काहीच विकत न घेता खर्च ‘तयार’ करण्याच्या युक्त्या जुन्या आहेत. अमेरिकेच्या टांकसाळीने २००८ मध्ये एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीला, फुकट घरपोच द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी ती कार्डावर घेऊन थेट बँकेत भरायला सुरुवात केली. २०११ मध्ये टांकसाळीने त्यासाठी कार्डं घेणंच बंद केलं. त्यानंतर गिफ्ट कार्ड घ्यायचं, त्यातून मनी ऑर्डर (तिथे ती आधी पैसे भरून घेतलेल्या चेकसारखी असते) काढायची, ती खात्यात भरून कार्डाचं बिल फेडायचं, ही साखळी रूढ झाली. २०२१ मध्ये अशाच एका जोडप्याचं प्रकरण अमेरिकेच्या टॅक्स कोर्टात निकाली निघालं. त्यांनी दोन वर्षांत तीन लाख डॉलरहून जास्त रिवॉर्ड मिळवले होते. गिफ्ट कार्डांवरचे रिवॉर्ड करपात्र नाहीत असं कोर्टाने मानलं, पण मनी ऑर्डर थेट कार्डावर घेऊन आणि प्रीपेड कार्डांत पैसे भरून मिळवलेले रिवॉर्ड करपात्र ठरले.

धोका कराएवढाच नाही. साखळीतला एक दुवा तुटला की पैसे मधेच अडकतात. बँकेने संशयावरून खातं गोठवलं, तर मनी ऑर्डरचे पैसे आठवडेच्या आठवडे बंद, आणि कार्डाची ड्यू डेट मात्र थांबत नाही. अमेरिकन एक्सप्रेसच्या अमेरिकेतल्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की ऑफरचा गैरवापर झाला असं कंपनीला वाटलं तर ती बोनस रोखू शकते, दिलेला काढून घेऊ शकते आणि खातंही बंद करू शकते. खातं बंद झालं की त्यातले जुने साठलेले पॉइंटही जातात.

स्वतःच्या किंवा ओळखीच्या दुकानाच्या मशीनवर कार्ड स्वाइप करून रोख परत घेणं तर अजिबात करू नका. विक्री झालेली नसताना केलेला व्यवहार हा दुकानदाराच्या कराराचा भंग आहे. मशीन काढून घेतलं जातं, आणि कार्ड स्वीकारण्याचा करार रद्द झालेल्या दुकानांच्या मास्टरकार्डच्या ‘मॅच’ यादीत नाव गेलं तर ते पाच वर्षं राहतं. त्या काळात दुकानाला दुसरीकडे कार्ड स्वीकारण्याची सोय मिळणं अवघड होतं. तुमच्या बोनससाठी दुसऱ्याचा धंदा पणाला लागतो.

परतावे

वस्तू घ्यायची, बोनस मिळवायचा आणि वस्तू परत करायची, हे बँकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. परतावा खर्चातून वजा होतो, आणि बोनस जमा झाल्यावर आला तरी बँक मागे जाऊन बोनस काढून घेऊ शकते. तोवर पॉइंट वापरून टाकले असतील तर खातं उणे होतं.

प्रामाणिक परतावाही याच नियमात सापडतो. मापात न बसलेले कपडे, रद्द झालेलं तिकीट, दुकानाशी झालेल्या वादात बँकेने परत मिळवून दिलेली रक्कम, सगळं वजा. वरचा पाच-दहा टक्क्यांचा जादा खर्च याचसाठी. परत करण्याची शक्यता असलेली खरेदी शक्यतो दुसऱ्या कार्डावर करा, आणि या कार्डावर झालीच तर ती बेरजेत धरू नका.

आणखी एक चकवा: अनेक बँकांत परतावा हा बिलाचा भरणा म्हणून धरत नाहीत. मोठी रक्कम परत आली म्हणून त्या महिन्याचं बिल सोडून दिलं, तर मिनिमम ड्यू चुकतं आणि लेट फी लागते.

शेवटच्या पंधरवड्यात कमी पडलं तर

आधी तूट नेमकी काढा, पेंडिंग वगळून. मग क्रमाने जा. पुढच्या दोन महिन्यांत नक्की लागणारा किराणा, औषधं, टिकणाऱ्या वस्तू आत्ता घ्या. चालू बिलं आगाऊ भरा. मग फी देऊन कर किंवा भाडं भरा, तूट भरेल एवढंच. दुकानात प्रत्यक्ष स्वाइप केलेले व्यवहार लवकर चढतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन ऑर्डरपेक्षा तेच बरे.

एवढं करूनही तूट मोठीच राहत असेल तर थांबा. १५,००० च्या बोनससाठी न लागणारी २०,००० ची वस्तू घेणं म्हणजे ५,००० चं नुकसान आणि घरात एक नको असलेली वस्तू. आतापर्यंतचा खर्च तर गरजेचाच होता, त्यातलं काही वाया गेलेलं नाही. कार्ड उशिरा पोचलं किंवा बँकेच्या अडचणीमुळे ते काही दिवस बंद होतं, असं काही घडलं असेल तर मुदत वाढवून मागा. लेखी आणि मुदत संपण्याच्या आधी. बँक नेहमी मान्य करत नाही, पण मागण्यात काही जात नाही.

बोनस जमा झाल्यावर

बोनस लगेच येत नाही. काही बँका अट पूर्ण झाल्यानंतरच्या स्टेटमेंटला देतात, काही आठ ते बारा आठवडे घेतात. तोपर्यंत खातं चालू आणि बिलं वेळेवर भरलेली असायला हवीत. सांगितलेली मुदत उलटली तर स्क्रीनशॉट आणि शीट घेऊन तक्रार करा. कुठल्या तारखेला बेरीज किती झाली हे मांडता आलं की काम लवकर होतं.

मग कॅलेंडरमध्ये दुसऱ्या वर्षाच्या वार्षिक फीच्या महिनाभर आधीची नोंद घाला. त्या दिवशी ठरवायचं: कार्ड ठेवायचं, त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलायचं, की बंद करायचं. पहिल्या बारा महिन्यांच्या आत बंद केलं किंवा खालच्या कार्डात बदललं तर बोनस परत घेण्याचा हक्क काही बँका राखून ठेवतात, तेव्हा वर्ष पूर्ण होऊ द्या. बंद करण्याआधी कार्डाला जोडलेली वर्गण्यांची आणि बिलांची ऑटो-भरणी दुसरीकडे हलवा, आणि बँकेच्या खात्यातले पॉइंट वापरा किंवा विमान कंपनीच्या वा हॉटेलच्या खात्यात वळते करा. बँकेकडे पडून राहिलेले पॉइंट बहुधा कार्डासोबत जातात, पण विमान कंपनीच्या खात्यात पोचलेले तिच्या मुदतीपर्यंत तुमचेच राहतात.